लेकराची आवड आणि आईबापांचा धीर

(कौटुंबिक उपासनेसाठी धडा. वाचावयाचे भाग : प्रेषितांची कृत्ये 10:9-16, निर्गम 16:13-31)



यापो येथे पेत्र धाब्यावर प्रार्थनेस गेला असता त्यास भूक लागली, आणि दृष्टान्तात त्याच्यापुढे नाना प्रकारचे प्राणी मांडण्यात आले. खाण्याची आज्ञा झाली, परंतु असले आपण कधी खाल्ले नाही असे म्हणून तो मागे सरला. तीन वेळा असे घडले. कोणाही माणसास अशुद्ध लेखू नये, हा त्या दृष्टान्ताचा मुख्य अर्थ होय. तथापि देवाची शिकविण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. त्याने पेत्रास शिक्षा केली नाही, आमिष दाखविले नाही. तीच गोष्ट पुन्हा पुढे ठेवली. इस्राएल लोकांनीही मान्ना प्रथम पाहिला तेव्हा, हे काय, असेच विचारले. मग तीन वर्षांच्या लेकराने ताटातील भाजी पाहून तोंड फिरविले, तर त्यास हट्टी का म्हणावे?

गगनबावड्याच्या आपल्या खेड्यांत पाऊस लागला की टाकळा व कुर्डू उगवतात, रानात कर्टुली मिळतात. नाचणा तर ह्या डोंगरउतारांचे जुने धान्य. 100 ग्रॅम नाचण्यात सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तेवढ्याच पांढऱ्या तांदळात 10 च्या आसपास. तरी पुष्कळ लेकरे भात नाहीतर दुकानातील पुडीच मागतात. इकडे 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या शंभर मुलांपैकी सुमारे 69 मुलांच्या अंगी रक्त कमी आढळले. म्हणून ही गोष्ट क्षुल्लक नव्हे.

1. नकार म्हणजे अवज्ञा नव्हे. दोन ते सहा वर्षांच्या वयात नव्या अन्नाची भीती विशेष असते. नुकतेच चालू लागलेले मूल रानातील वाटेल तो पाला तोंडात घालील, त्यापासून ही भीती त्यास राखते, असा विद्वानांचा तर्क आहे. राखणदारावर रागावू नये. त्याची ओळख करून द्यावी.

2. थोडे द्यावे, पुष्कळदा द्यावे. अमेरिकेत सुझन सुलिव्हन व लीन बर्च ह्या विदुषींनी 1990 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लहान मुलांस सोयाबीनचे पनीर वारंवार चाखावयास दिले. आवड उत्पन्न होण्यास आठ ते पंधरा वेळा चाखावे लागले. आपण दोनदा देतो आणि म्हणतो, ह्याला हे आवडतच नाही! हरभऱ्याएवढा घास ठेवावा. उरलेले घरातील इतरांनी खावे, म्हणजे अन्न वाया जात नाही. भाकरीत प्रथम तांदळाचे पीठ अधिक व नाचण्याचे थोडे घ्यावे, मग हळूहळू प्रमाण पालटावे. त्याच अभ्यासात असेही दिसले की, ज्या रुचीचे पनीर दिले तीच रुची मुलांस आवडू लागली. गोड दिलेल्यांस साधे आवडू लागले नाही. ह्यास्तव प्रत्येक पदार्थात गूळ घालून फसवू नये.

3. जबरी नको, लाचही नको. नाक दाबून घास कोंबला तर त्या अन्नाची धास्ती बसते. भाजी खाल्लीस तर बिस्किट देईन, असे म्हटले तर भाजी ही शिक्षा व बिस्किट हे बक्षीस, इतकेच मूल शिकते. बापांनी मुलांस चिडीस आणू नये असे पौल इफिसकरांस लिहितो. ते जेवणाच्या वेळीही खरे आहे. काय वाढावे व केव्हा वाढावे हे आईबापांनी ठरवावे. किती खावे हे लेकराच्या पोटाने ठरवावे.

4. आईने बरोबर बसावे. आपल्या घरांतून सर्वांचे झाल्यावर चुलीपाशी एकटीने जेवण्याची चाल अजून सुटलेली नाही. येणेकरून आईच्या वाट्यास कमी येते, आणि आई ती भाजी आवडीने खाते हे लेकराच्या दृष्टीस कधी पडत नाही. ज्या प्रभूने सर्वांस एका मेजाशी बसविले, त्याच्या घरात ही पंगत निराळी का असावी? आईचा आहार तर जन्माआधीच शिकवू लागतो. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गरोदरपणी किंवा अंगावर पाजताना ज्या मातांनी गाजराचा रस घेतला, त्यांच्या बालकांनी पुढे गाजराची चव अधिक सहज स्वीकारली.

5. भूक राखावी. पेत्रासही भूक लागली होती. जेवणाच्या तोंडावर चहा-बिस्किट दिल्यास लेकरू पानावर काय बसणार? शिवाय जेवणाबरोबरचा चहा अन्नातील लोह अंगी लागू देत नाही. लिंबाची फोड मात्र त्यास साह्य करते.

मूल वजनात घटत असेल, गिळताना त्यास दुखत किंवा ठसका लागत असेल, अथवा दोनचार पदार्थांपलीकडे काहीच घेत नसेल, तर केवळ धीर धरून बसू नये. त्यास आरोग्य केंद्रात न्यावे.

उपदेशक बंधूंनी मंडळीत पुढील प्रश्न विचारावे : तुमच्या घरी शेवटी कोण जेवते? लेकराने नाकारलेला कोणता पदार्थ तुम्ही दोन वेळांनंतर सोडून दिला? ह्या आठवड्यात तो पुन्हा कोणत्या दिवशी वाढाल?

आपणही देवाच्या कितीएक देणग्या पहिल्या खेपेस नाकारल्या आहेत. त्याने ताट उचलून नेले नाही. तोच धीर तो आपल्या घरांतील आईबापांस देवो. आमेन.