इलेक्ट्रिक छोटा हत्ती घेण्याआधी : मामाचा कानमंत्र

बाळा, शोरूममधून कोटेशन आणलंस, हप्ता किती बसेल तेही विचारून आलास, आणि आता म्हणतोस, "मामा, इलेक्ट्रिक पिकअप घेऊ का?" कोटेशन जरा बाजूला ठेव. आधी दोन गोष्टी सांग. तुझी गाडी दिवसाला किती धावते? आणि रात्री कुठे उभी राहते? कळमना मार्केटवर भाडी मारण्यात माझा जन्म गेला. गाड्या बदलल्या, इंधन बदललं, पण माणसाच्या हातात महिन्याअखेर काही उरलं की नाही, ते याच दोन गोष्टींवर ठरत आलं आहे.

रात्रीच्या जागेचं मी एवढं का लावून धरतो, ते आपल्या नागपूरकरांना तरी कळायला हवं. मे २०१७ मध्ये ओला आणि महिंद्रानं आपल्या शहरात इलेक्ट्रिक टॅक्सी आणल्या. गडकरी साहेब होते, फडणवीस साहेब होते. दोनशे वाहनांचा बेत होता आणि सगळ्या देशाचं लक्ष नागपूरकडे लागलं होतं. वर्षभरातच कितीतरी ड्रायव्हर म्हणायला लागले, आम्हाला आपली डिझेलचीच गाडी द्या. चार्जरपुढे रांगा, रांगेत तास न् तास, वरून आपलं ऊन. एसी लावला की चार्ज भराभर उतरायचा, म्हणजे पुन्हा रांगेत. ज्या वेळात सवारी मारायची, ती वेळ चार्जरपाशी उभं राहण्यात जायची आणि हप्ता तर चुकत नव्हता. रांगेमुळे रस्ता अडतो म्हणून आसपासच्या रहिवाशांनी ओरड केली, तेव्हा एक स्टेशन बंदही करावं लागलं. त्या प्रयोगाला मी नावं ठेवत नाही, कोणीतरी आधी करायलाच हवा होता. त्यातून आपण एवढं घ्यायचं, की तू झोपलेला असताना गाडी तुझ्याच दारात भरली पाहिजे. ती सोय नसेल तर पुढचं काही वाचूच नको, डिझेल किंवा सीएनजी बघ.

आता किलोमीटर. मागच्या वर्षाची डायरी काढ आणि सरासरी काढत बसू नको, सगळ्यात जास्त धावलेले दिवस बघ. कळमन्यावरून इतवारी, गांधीबाग, महाल अशा किराण्याच्या फेऱ्या असतील तर दिवसाचे चाळीस-पन्नास होतात. त्यात हिंगणा एमआयडीसी किंवा बुटीबोरीची एखादी फेरी जोडली की शंभराला टेकतोस. काटोलला जाऊन-येऊन एकशेवीसच्या आसपास, वर्धा धरलं तर दीडशेच्या वर.

कंपनीचा आकडा कागदावरचा असतो. टाटाची पहिली एस ईव्ही २०२२ मध्ये आली ती २१.३ युनिटची बॅटरी, १५४ किलोमीटर आणि ६०० किलो माल असं सांगत. महिंद्राची झिओ ऑक्टोबर २०२४ मध्ये आली, तिचा दावा १६० किलोमीटरचा. टाटाचीच जून २०२५ मधली एस प्रो १४.४ युनिटवर १५५ किलोमीटर आणि ७५० किलो माल सांगते. हे आकडे ठरावीक चाचणीतले असतात, त्या चाचणीत गांधीबागेची गर्दी नसते आणि मे महिना नसतो. मी म्हणतो दोन तृतीयांश धर. दीडशेचे शंभर. त्यातला पाचवा हिस्सा राखीव, कारण शेवटच्या भाड्याला गाडी रस्त्यात उभी राहिली तर ते गिऱ्हाईक पुन्हा फोन करत नाही. म्हणजे भरवशाचे ऐंशी. अमेरिकेत मोठमोठ्या इलेक्ट्रिक पिकअप निघाल्या, तिथल्या लोकांनाही हेच दिसलं, की मागे जड ट्रेलर जोडला तर पल्ला निम्म्यावर येतो. वजनापुढे कोणाचंच चालत नाही.

पैशाचा हिशेब मात्र नेमका उलटा जातो आणि तिथेच पोरं फसतात. एस प्रो बाजारात आली तेव्हा पेट्रोलची सुरुवात ३.९९ लाखांना आणि इलेक्ट्रिक ६.५० लाखांना होती. अडीच लाखांचा फरक. पेट्रोलची छोटी गाडी लिटरला वीस देते असं धर, किलोमीटरला पाच रुपयांच्या वर गेले. इलेक्ट्रिक घरच्या विजेवर दीड-दोन रुपयांत जाते. किलोमीटरमागे साडेतीन वाचले तर अडीच लाख फिटायला सत्तर हजार किलोमीटर लागतात. रोज ऐंशी धावलास, वर्षाचे तीनशे दिवस धरले, तर तीन वर्षांत फिटले. रोज तीसच धावत असशील तर आठ वर्षं लागतील, आणि जादा कर्जावरचं व्याज वेगळंच. कमी धावणाऱ्याला ही गाडी महाग, फार लांब धावणाऱ्याला अपुरी. रोज साठ ते ऐंशी किलोमीटर, तेही ठरलेल्या रस्त्यानं, रात्री घरी परत, असा धंदा असेल तर डोळे मिटून घे. आजचे भाव वेगळे असतील, म्हणून आजच्या कोटेशनचे आकडे घालून हाच हिशेब पुन्हा मांड. शोरूमवाल्याच्या मोबाईलवर मांडू नको, आपल्या वहीत मांड.

विजेचा दर धरतानाही जपून. रोज पंधरा युनिट भरलीस तर महिन्याला चारशेच्या आसपास युनिटं वाढली. घरचं बिल महावितरणच्या वरच्या स्लॅबमध्ये जातं आणि उन्हाळ्यात कूलरची भर पडते ती निराळी. वाहन चार्जिंगचा दरगट वेगळा आहे, त्यासाठी वेगळं मीटर घेता येतं. स्थिर आकारासकट दोन्ही दरांचा ताळा कर, मग अर्ज कर. मंजूर भारही वाढवून घे, नाहीतर वरच्या मजल्यावर एसी लागला की खाली एमसीबी पडलाच.

आता सॉकेटचं सांगतो, कारण शोरूममध्ये यावर कोणी बोलत नाही. छोटी गाडी साध्या १६ अँपिअरच्या प्लगवर भरते, पण ती रात्रभर सलग भरते. मिक्सर पाच मिनिटं चालतो, इस्त्री अर्धा तास, ही सहा-सात तास ओढते. म्हणून मीटरपासून वेगळी वायर टाकून घे, चांगली जाड, मध्ये जोड नको. चार्जिंग लावल्यावर तासाभरानं बाहेर येऊन प्लगच्या डोक्याला हाताची पाठ लाव. कोमट लागला तर ठीक. हात मागे घ्यावासा वाटला तर आत कुठेतरी पेच सैल आहे. चार्जिंग बंद कर आणि सकाळी वायरमनला बोलाव. एक्स्टेंशन बोर्डावर ही गाडी कधी, एका रात्रीपुरतीही, लावायची नाही.

आणि अर्थिंग! आपल्याकडची काळी माती एप्रिल-मेमध्ये बोट जाईल एवढी भेगाळते. ती कोरडी पडली की अर्थिंग कमजोर होतं, आणि ते कमजोर झालं की गाडी चार्ज घ्यायलाच नकार देते. मग लोक म्हणतात, चार्जर खराब. आमच्या आळीत एकानं चार्जर बदलून मागितला, मेकॅनिक दोनदा येऊन गेला. शेवटी वायरमननं अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतलं आणि गाडी भरायला लागली. खड्डा नीट करून घे, मीठ-कोळसा घाल, वर झाकण ठेव, आणि मार्चपासून मृग लागेपर्यंत आठवड्यातून एकदा पाणी घाल. घरच्या बाईमाणसांनाही सांगून ठेव, तुळशीला घालतात तेव्हा त्यालाही तांब्याभर.

उन्हाचं म्हणशील तर नागपुरात २३ मे २०१३ ला पारा ४७.९ वर गेला होता. चव्वेचाळीस-पंचेचाळीस तर बहुतेक वर्षांचे. बॅटरीला थंडीपेक्षा उष्णतेचं वावडं जास्त, तिचं आयुष्य उन्हात उतरतं. दुपारी दोन वाजता तापून आलेल्या गाडीला लगेच प्लग लावू नको. सावलीत उभी कर, रात्री जेवणं झाल्यावर लाव. पत्र्याच्या शेडखाली आत भट्टी होते, त्यापेक्षा हिरवी जाळी बरी. घेतानाच विचार, बॅटरी थंड ठेवायला आत पाणी फिरतं की नुसती हवा. आपल्या गावात या प्रश्नाला फार किंमत आहे.

लोडाचं बोललो तर तुला राग येईल, तरी बोलतो. २००५ मध्ये टाटाची एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, आला तेव्हापासून पासिंगच्या दीडपट-दुप्पट माल भरायची आपल्याला सवय लागली. पाटे वाढवून घेतले की डिझेलची गाडी कण्हत का होईना ओढायची. इलेक्ट्रिक तशी कण्हत नाही. ती जोरात उचलते, म्हणून भरवसा वाटतो, आणि चार्जचा काटा मात्र डोळ्यादेखत खाली येतो. मोटर तापली की गाडी स्वतःहून ताकद कमी करते. पाटे वाढवलेले, वायरिंग कापलेलं दिसलं तर वॉरंटीचा वाद सुरू होतो. आंबिया बहाराच्या दिवसांत, ऑक्टोबर ते डिसेंबर, संत्र्याचा माल एकदम सुटतो; तेव्हा एकाच फेरीत सगळं कोंबण्यापेक्षा दोन फेऱ्या मार. फेरीचा खर्च कमी आहे ना, मग तोच फायदा घे. काटोल-नरखेडकडची बागेतली भाडी आली तर दुसऱ्याची डिझेल गाडी लाव आणि आपलं कमिशन घे.

कागदपत्रांचं सोपं आहे. ऑक्टोबर २०१८ पासून बॅटरीवर चालणाऱ्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही, २०२१ पासून नोंदणीची फी माफ आहे, थर्ड पार्टी विम्यात सवलत आहे. पाटी हिरवी, आकडे पिवळे. फिटनेस मात्र चुकत नाही.

बॅटरीची वॉरंटी वाचताना वर्षं आणि किलोमीटर दोन्ही बघ, जे आधी संपेल ते खरं. आणि किती टक्के क्षमतेच्या खाली गेली तर बदलून देणार, ते लेखी घे. तोंडी बोललेलं तिसऱ्या वर्षी कोणाला आठवत नाही. जुनी घेत असशील तर किलोमीटरच्या काट्यावर जाऊ नको, सर्व्हिस सेंटरमधून बॅटरीच्या तब्येतीचा कागद काढून माग. मालक टाळाटाळ करत असेल तर हात जोडून परत ये.

पावसाचं विसरू नको. २०२३ च्या सप्टेंबरात, २२-२३ तारखेच्या रात्री, अंबाझरी ओसंडला, नाग नदी वस्त्यांत शिरली आणि उभ्या गाड्या पाण्यात गेल्या. तुझी जागा नाल्याकाठी असेल तर सॉकेट छातीच्या उंचीवर बसव, आणि मुसळधार लागला की गाडी आधी उंचावर नेऊन लाव. पाणी चढून गेलेल्या गाडीला प्लग लावायचा नाही, चावी फिरवून बघायची नाही, नारिंगी केबलला हात तर मुळीच नाही. सरळ कंपनीला फोन. गाडी धुणाऱ्यालाही सांग, खालून बॅटरीवर प्रेशरचा पाइप मारू नको.

एक बारीक गोष्ट, पण जिवाची. या गाडीला आवाज नाही. इतवारीच्या गल्लीत डोक्यावर पोतं घेतलेला हमाल मान वळवू शकत नाही, तो आवाजावरच बाजूला होतो. रिव्हर्स घेताना क्लीनर मागे उभा असल्याशिवाय गाडी हलवू नको.

आता कोटेशन घे आणि शोरूमला जा, पण सही करायला नाही, डेमो मागायला. रिकाम्या गाडीचा, सकाळी सातचा डेमो घेऊ नको. चार्जचा काटा शंभर टक्क्यांवर घे, आपला माल भर, भर दुपारी कळमन्यावरून निघ, इतवारी करून बुटीबोरीला जा आणि परत ये. निघताना आणि आल्यावर काट्याचा फोटो काढ, किलोमीटर वहीत लिही. देत नाहीत म्हणाले तर दुसऱ्या शोरूमला जा. डेमो मिळाला की आदल्या रात्री मला फोन कर, शेजारच्या सीटवर मी बसतो.