औषध म्हणजे दुसरे व्यसन नव्हे

प्रश्न : अमेरिकेतील मूलनिवासी जमातींच्या दवाखान्यांत हेरॉइन, फेंटानिलच्या व्यसनावर मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन देतात. म्हणजे एक व्यसन सोडवून दुसरे लावणेच ना?

उत्तर : नाही. नुकसान दिसत असूनही न आवरणारी ओढ आणि तिच्यापायी विस्कटलेले जगणे, हे व्यसन. योग्य मात्रेतील ही औषधे नशा न चढवता तलफ आणि नशा सुटताना होणारा अंगदुखी, जुलाब यांसारखा त्रास शमवतात. माणूस कामाला, घराला परततो. उपचार चालू असताना मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून खाली येते, असे अनेक देशांतील अभ्यास सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये ही दोन्ही अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. ‘पण किती काळ घ्यायची?’ गरज असेल तोवर, मधुमेहाच्या औषधासारखीच. घाईने थांबवल्यास शरीराची नशा पेलण्याची शक्ती घटते आणि पुन्हा हेरॉइन किंवा फेंटानिल घेतल्यास जुन्याच मात्रेने जीव जाऊ शकतो.

केवळ गोळीने दुखणे मिटत नाही, हा आक्षेप मात्र रास्त आहे. म्हणूनच वॉशिंग्टन राज्यात स्विनोमिश जमात चालवत असलेल्या केंद्रात औषधासोबत समुपदेशन, दंतोपचार, ने-आण आणि मुलांचा सांभाळही होतो; जमातीबाहेरच्यांनाही दार खुले आहे. औषध माणसाला जगवते, समाज त्याला सावरतो. यातले एकही नाकारणे परवडणारे नाही.