एक मैल किती वेळात पळावा?



या महिन्यात आमच्या चौथीच्या वर्गाने भित्तिपत्रकासाठी ‘मोजमाप’ हा विषय घेतला आहे. कोणी शेर-पायलीवर लिहिले, कोणी एकर-गुंठ्यावर लिहिले. माझ्या वाट्याला मैल आला. मी तो वहीत मोजला आणि पळूनही पाहिला. त्याची माहिती देत आहे.

मैल म्हणजे किती?

आता आपण अंतर किलोमीटरने मोजतो. पूर्वी मैलाने मोजत. ८ फर्लांगांचा १ मैल होतो. १ मैल म्हणजे १७६० यार्ड, म्हणजेच ५२८० फूट. मीटरमध्ये सांगायचे तर सुमारे १६०९ मीटर. दोन मैलांचा साधारण एक कोस धरत. फार पूर्वी रोमन सैनिक चालताना पावले मोजत. डावे आणि उजवे मिळून एक, अशा एक हजार दुहेरी पावलांचा त्यांचा मैल होता. त्यांच्या भाषेतल्या ‘हजार’ या शब्दावरून मैल हे नाव आले.

आमचे आजोबा अजून मैलच बोलतात. ते म्हणतात, “आमच्या टायमाला वसमतचा बाजार तीन मैल होता. पायीच जायचो.” त्यांच्या लहानपणी आपला हिंगोली जिल्हा नव्हता, वसमत परभणी जिल्ह्यात होते. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. भारत सरकारने १९५६ साली दशमान मोजमापांचा कायदा केला आणि मग हळूहळू रस्त्यावर किलोमीटर आले. तरी आपण ‘मैलाचा दगड’ असेच म्हणतो.

आमच्या मैदानावरचा मैल

गुरुजींनी आम्हाला मीटर टेप दिला. आम्ही मैदानावर ५० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद असा आयत आखला. आता परिमितीचे सूत्र आठवा.

परिमिती = २ × (लांबी + रुंदी) = २ × (५० + ३०) = १६० मीटर.

म्हणजे १० फेऱ्या मारल्या की १६०० मीटर झाले. मैलाला अजून ९ मीटर पाहिजेत. ते आम्ही हातपंपाच्या बाजूला मोजून खूण केली. कोपऱ्यावर मुले आतून वळतात, त्यामुळे अंतर कमी भरते. म्हणून गुरुजींनी फक्कीने रेषा मारली आणि चारही कोपऱ्यांवर दगड ठेवले. दगडाच्या बाहेरून पळायचे असा नियम केला. वेळ गुरुजींच्या मोबाईलमधल्या घड्याळाने मोजली.

पहिल्या दिवशी काय झाले

शिट्टी वाजली तशी आम्ही सगळी जणू वाघ मागे लागल्यासारखी सुटलो. माझी पहिली फेरी ४५ सेकंदांत झाली. मला वाटले, आता मीच पहिली. तिसऱ्या फेरीला कुशीत कळ आली. पाचव्या फेरीला मी चालायला लागले. शेवटच्या फेऱ्यांना तर १०० सेकंदांच्या वर लागले. एकूण वेळ भरली १३ मिनिटे २० सेकंद. माझ्या मागे एकच मुलगा होता, त्याच्या पायात काटा रुतला होता.

घरी येऊन मी दादाला विचारले, “दादा, मैल किती वेळात पळला म्हणजे चांगला?”

दादा गोठ्यात वैरण टाकत होता. वर न बघताच म्हणाला, “पाच दहा. त्याच्या पुढं समदं वाया.”

पाच दहा म्हणजे ५ मिनिटे १० सेकंद. मी १३ मिनिटे २० सेकंदांची. मग मला रडू आले. आई म्हणाली, “रडायलीस काहून?” मी काही सांगितले नाही.

पाच दहा कुठून आले?

दुसऱ्या दिवशी मी गुरुजींना सांगितले. ते म्हणाले, “तुझ्या दादाचा आकडा बरोबर आहे. पण तो कशासाठी चांगला, ते आधी विचार.”

आपल्या भागातल्या पोरांना मैल माहीत नसला तरी ‘सोळाशे’ सगळ्यांना माहीत आहे. पहाटे रस्त्याच्या कडेने जी मुले पळतात ती सोळाशेची तयारी करतात. पोलीस शिपाई भरतीत ५० गुणांची मैदानी चाचणी असते. त्यात पुरुषांना १६०० मीटर आणि १०० मीटर धावणे व गोळाफेक असते. १६०० मीटर ५ मिनिटे १० सेकंदांत किंवा त्याच्या आत पळले तर पूर्ण २० गुण मिळतात. जास्त वेळ लागला की गुण कमी होतात. महिलांना १६०० च्या जागी ८०० मीटर असते. ते २ मिनिटे ५० सेकंदांत पळले तर पूर्ण २० गुण.

म्हणजे ‘पाच दहा’ हा भरतीचा आकडा आहे. १६०० मीटर म्हणजे मैलच, फक्त ९ मीटर कमी.

माझा दादा दोन वर्षे पहाटे साडेचारला उठून पळत होता. त्याची सोळाशेची वेळ ५ मिनिटे ४० सेकंदांपर्यंत आली होती. यादी लागली तेव्हा त्याचे नाव ३ गुणांनी राहिले. त्या दिवसापासून त्याचे बूट खुंटीला आहेत. घरात कोणी पळण्याचा विषय काढत नाही. मी काढला, म्हणून तो तसा बोलला. हे मला नंतर कळले.

जगातले आणि आपल्याकडचे मोठे धावपटू

गुरुजींनी मला मोठ्या धावपटूंची माहिती सांगितली. ती मी आमच्या मैदानाच्या फेरीत बदलून घेतली, म्हणजे समजायला सोपे जाते.

पूर्वी पुष्कळ लोक म्हणत की माणूस ४ मिनिटांच्या आत मैल पळूच शकत नाही. ६ मे १९५४ रोजी इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड येथे रॉजर बॅनिस्टर हे ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत मैल पळाले. ते तेव्हा २५ वर्षांचे होते आणि डॉक्टरकीचा अभ्यास करत होते. आमच्या मैदानावर ही गती एका फेरीला सुमारे २४ सेकंद होते. पुढे दीड महिन्यातच ऑस्ट्रेलियाचे जॉन लँडी त्यांच्याहून कमी वेळात पळाले.

पुरुषांचा जागतिक विक्रम मोरोक्कोच्या हिशाम अल गरूज यांचा आहे. १९९९ साली रोम येथे ते ३ मिनिटे ४३.१३ सेकंदांत पळाले. एक फेरी सुमारे २२ सेकंद. महिलांचा विक्रम केनियाच्या फेथ किपयेगॉन यांचा आहे. २०२३ साली त्यांनी ४ मिनिटे ७.६४ सेकंद ही वेळ दिली. एक फेरी सुमारे २५ सेकंद.

आता आपल्या मराठवाड्याचे बघा. अविनाश साबळे हे बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातील मांडवा गावचे. लहानपणी ते सहा किलोमीटरवरच्या शाळेत जात. बारावीनंतर ते सैन्यात गेले आणि तिथे त्यांचे धावणे वाढले. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी ३००० मीटर अडथळ्यांची शर्यत ८ मिनिटे ११.२० सेकंदांत पळून रौप्यपदक मिळवले. या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या असतात. मी भागाकार केला. त्या गतीने १६०० मीटरला सुमारे ४ मिनिटे २२ सेकंद लागतात, आणि तेही उड्या मारत. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्यांना याच शर्यतीत सुवर्णपदक मिळाले.

सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्याच्या ललिता बाबर यांनीही हीच शर्यत गाजवली. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये त्या अंतिम फेरीत पोहोचल्या आणि दहाव्या आल्या. दहावा नंबर म्हणून आपल्याकडे कोणी हसले नाही. उलट सगळ्यांना आनंद झाला.

मग हौसेने पळणाऱ्याचे काय?

सगळे काही ऑलिंपिकला जात नाहीत. सगळे भरतीलाही जात नाहीत. जे तब्येतीसाठी किंवा हौसेने पळतात त्यांच्यासाठी मैलाची साधारण वेळ अशी सांगता येते.

भरभर चालणारा : १६ ते २० मिनिटे
नुकता पळायला लागलेला : ११ ते १४ मिनिटे
आठवड्यातून तीन-चार वेळा नेमाने पळणारा : ९ ते साडेदहा मिनिटे
चांगला तयार झालेला हौशी : ८ मिनिटांच्या आत
६ मिनिटांच्या आत : याला हौशी म्हणू नये, हा खेळाडूच

वय, उंची, ऊन, चढ आणि वाट यांमुळे वेळ बदलते. ५० वर्षांच्या माणसाची वेळ २० वर्षांच्या मुलाच्या वेळेशी लावून बघू नये. नांगरटीतून पळणाऱ्याची वेळ डांबरी सडकेवरच्या वेळेशी लावू नये. आपली आजची वेळ आपल्याच मागच्या महिन्याच्या वेळेशी लावून बघावी, असे गुरुजी म्हणतात.

कोष्टक वाचून मला कळले की माझे १३ मिनिटे २० सेकंद वाया नव्हते. मी ‘नुकती पळायला लागलेली’ मध्ये बसते.

पाढ्याची युक्ती

बरोबर गती कशी ओळखावी? पळताना बोलता आले पाहिजे. आम्ही सातचा पाढा म्हणत पळालो. पाढा अखंड म्हणता आला तर गती बरोबर आहे. ‘सात चोक’ लाच धाप लागली तर गती जास्त आहे. फार जोरात पळाले की स्नायूंना लागेल तेवढा प्राणवायू पोहोचत नाही. मग धाप लागते आणि पाय जड होतात. म्हणून पहिली फेरी आणि शेवटची फेरी सारख्याच वेळेत झाली पाहिजे.

एका संध्याकाळी मी पाटीवर दादाचा हिशेब मांडला. ५ मिनिटे ४० सेकंद म्हणजे ३४० सेकंद. भागिले १० फेऱ्या. एका फेरीला ३४ सेकंद. पाच दहा म्हणजे ३१० सेकंद. एका फेरीला ३१ सेकंद. मी दादाला पाटी दाखवली आणि म्हणाले, “दादा, एका फेरीला तीनच सेकंद कमी पडले. आणि आपल्या शाळेत तर ३४ सेकंदांत एक फेरीसुद्धा कोणाला येत नाही.”

दादा पाटीकडे लय वेळ बघत राहिला. मग म्हणाला, “तुमच्या फेऱ्या कोण मोजतं?”

मी म्हणाले, “कोणीच नाही. आम्ही चुकतो.”

तीन आठवड्यांनंतर

आता मंगळवारी आणि शनिवारी सकाळी दादा मैदानावर येतो. फेऱ्या मोजतो आणि प्रत्येक फेरीचे सेकंद ओरडून सांगतो. आधी पायातच चपला घालून यायचा. मागच्या शनिवारी बूट घालून आला आणि आमच्याबरोबर हळू पळाला. पुन्हा फॉर्म भरणार का, असे आजोबांनी विचारले तर तो म्हणाला, “बघू.” आम्ही पुढे काही विचारले नाही.

माझी वेळ आता ११ मिनिटे १० सेकंद झाली आहे. एक फेरी ६७ सेकंद. कळ येत नाही. आईसुद्धा एक दिवस आली. ती पदर खोचून भरभर चालली आणि तिचा मैल १७ मिनिटे ३० सेकंदांत झाला. ती म्हणाली, “रानात याच्याहून जास्त चालते, पण कोणी मोजत नाही.” म्हणून मी तिची वेळ वहीत लिहून ठेवली आहे.

लक्षात ठेवा

१. जेवण झाल्याबरोबर पळू नये.
२. उन्हाळ्यात ऊन चढायच्या आत पळून घ्यावे. पाणी प्यावे.
३. हळद शिजवायच्या दिवसांत जिथे धूर असतो तिकडे पळू नये.
४. छातीत दुखले किंवा चक्कर आली तर थांबावे आणि मोठ्या माणसांना सांगावे.
५. मागे राहिलेल्याला हसू नये.

शेवटी पालकांना एक विनंती. शनिवारी सकाळी मैदानावर या. चाला किंवा पळा, जसे जमेल तसे. फक्की मारलेली आहे, दहा फेऱ्या आणि वर नऊ मीटर. फेऱ्या माझा दादा मोजेल आणि तुमची वेळ मी लिहून ठेवीन.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी,
जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, ता. वसमत, जि. हिंगोली