नाल्याकाठची ब्राह्मी

प्रश्न : उमेळ्यात आमच्या वाडीमागे सांडपाण्याच्या नाल्याकाठी ब्राह्मी माजली आहे. नातवंडांना तिचा रस देऊ का?

उत्तर : कृपा करून देऊ नका, आजी. जलब्राह्मी पाण्यातले तांबे, कॅडमियम, क्रोमियम शोषून मुळापानांत साठवते. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९९०च्या दशकातच हे प्रयोगांनी दाखवले. धातूंचा ताण आला की ती स्वतःच्या बचावासाठी अँटिऑक्सिडंट वाढवते. त्यामुळे पाल्यात ते भरपूर सापडले, तरी तो निर्धोक ठरत नाही. उकळल्याने जंतू मरतील, धातू जाणार नाहीत. औषधी वनस्पतींत किलोमागे कॅडमियमची मर्यादा जेमतेम ०.३ मिलिग्रॅम आहे! नाल्यातली तिथेच राहू द्या, गुरांनाही घालू नका. रसासाठी रोपवाटिकेतले रोप कुंडीत लावा आणि पिण्याचेच पाणी घाला.