प्रवासांतील पाणी

सुटी लागली कीं घरोघरीं बांधाबांध सुरू होते. फराळाचे डबे भरले जातात. पाण्याची आठवण मात्र गाडी सुटल्यावर होते. तथापि प्रवासांतील पोटाचे विकार बहुधा दूषित पाण्यानें व उघड्या अन्नानेंच होतात. यास्तव उकळलेलें पाणी घरूनच घ्यावें, बर्फ व कापून ठेवलेलीं फळें वर्ज्य करावीं आणि जेवणापूर्वीं साबणानें हात धुवावे.

इतकें करूनही जुलाब लागले तर? आमच्या वर्गांतील एक मुलगा आजोळीं जातांना असाच आजारी पडला. पाण्यानें जुलाब वाढतील, या भीतीनें वडीलधाऱ्यांनीं मायेपोटींच त्याचें पाणी तोडलें. रुग्णालयांत पोहोंचेपर्यंत त्याचे डोळे खोल गेले होते. तो वांचला, पण थोडक्यांत.

वस्तुतः जुलाबांत जीव जातो तो शरीरांतील पाणी व क्षार निघून गेल्यामुळें. साखरेच्या साह्यानें आंतडीं मीठ शोषून घेतात व त्यामागोमाग पाणीही. १९७१ सालीं बनगांवच्या निर्वासितांत पटकीची सांथ आली असतां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं असें पाणी पाजून मृत्यूंचें प्रमाण शेंकडा सुमारें ३० वरून ४ च्या आंत आणलें.

एक लिटर स्वच्छ पाण्यांत चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून घोटघोट पाजावें. जलसंजीवनीची पुडी मिळाल्यास अधिकच उत्तम. शौचांत रक्त पडल्यास, लघवी थांबल्यास वा रोग्यास ग्लानि आल्यास तत्काळ डॉक्टरांकडे न्यावें.

विद्यार्थिमित्रांनो, हा धडा परीक्षेस नाहीं; तरी तो पाठ करूनच गाडींत बसा.