द्राक्षमळ्यातला तापमापक

तापमापकाचा शोध लागण्यापूर्वी हवा किती गरम होती, हे आज कसे सांगता येईल? फॅरनहाइटने पाऱ्याचा तापमापक १७१४ च्या सुमारास तयार केला आणि सेल्सिअसने आपली मोजपट्टी १७४२ मध्ये मांडली. त्याआधीच्या उन्हाळ्यांची नोंद कोणी आणि कशाने ठेवली असेल?

फ्रान्सच्या पूर्व भागात बर्गंडी नावाचा प्रांत आहे. तेथे बोन हे एक लहानसे गाव आहे. या गावाच्या भोवती टेकड्यांच्या उतारांवर शेकडो वर्षांपासून द्राक्षमळे आहेत. या द्राक्षांपासून तेथे वाइन बनवतात आणि तीवरच त्या भागाचा संसार चालतो. जुन्या काळी तेथे असा नियम होता की, कोणी मन मानेल त्या दिवशी द्राक्षे तोडावयाची नाहीत. द्राक्षे पिकली की नाही हे पाहून गावसभा दिवस ठरवी, त्याची दवंडी पिटली जाई, आणि मगच तोडणी सुरू होई. हा दिवस गावसभेच्या दप्तरात लिहिला जाई. शिवाय तोडणीच्या मजुरांना कोणत्या दिवसापासून मजुरी दिली, हे हिशेबाच्या वह्यांत लिहिलेले असे.

द्राक्षे लवकर पिकली म्हणजे वसंत व उन्हाळा गरम गेला. उशिरा पिकली म्हणजे थंड गेला. म्हणजे मजुरीच्या त्या वह्या हा एक प्रकारचा तापमापकच झाला की नाही? फ्रेंच इतिहासकार एमान्युएल ल रॉय लादुरी यांनी अशा जुन्या नोंदींवरून हवामानाचा इतिहास लिहिला. त्यांचा ग्रंथ १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे २०१९ मध्ये काही संशोधकांनी बोन गावच्या १३५४ पासून २०१८ पर्यंतच्या तारखांची मालिका तपासून प्रसिद्ध केली. सहा शतकांहून अधिक काळ न तुटलेली ही नोंद आहे! (येथे एक गंमत लक्षात ठेवा. फ्रान्सने १५८२ च्या डिसेंबरात नवे कॅलेंडर स्वीकारले, तेव्हा दहा दिवस एकदम वगळले गेले. त्यामुळे त्याआधीच्या तारखा दुरुस्त करून घ्याव्या लागतात. नाहीतर कॅलेंडरातला बदल हवामानातला बदल म्हणून आपल्याला फसवील.)

या मालिकेतून काय दिसले? १३५४ ते १९८७ या काळात तोडणी सरासरीने २८ सप्टेंबरच्या सुमारास सुरू होत असे. १९८८ ते २०१८ या काळात मात्र ती सरासरीने १३ दिवस आधी सुरू झाली. २००३ च्या उन्हाळ्यात तर ऑगस्ट महिन्यातच द्राक्षे तोडावी लागली.

थोडेसे गणित

उष्णता आणि पिकणे यांचा संबंध कसा मोजतात ते पाहू. सुमारे १० अंश सेल्सिअसच्या खाली द्राक्षवेलीची वाढ जवळजवळ थांबते. म्हणून दिवसाच्या सरासरी तापमानातून १० वजा करावयाचे. जी बाकी उरेल ती त्या दिवसाची वेलीची कमाई. रोजची कमाई मिळवत गेले की जी बेरीज येते तिला आपण उष्मांश-दिवस म्हणू. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याचे द्राक्षविभाग ॲमेरिन आणि विंकलर या शास्त्रज्ञांनी १९४४ मध्ये याच रीतीने पाडले.

समजा, एखाद्या जातीला पिकण्यासाठी १२०० उष्मांश-दिवस लागतात. हंगामाचे सरासरी तापमान १८ अंश असेल तर रोजची कमाई ८. म्हणजे १२०० भागिले ८, असे १५० दिवस लागतील. आता तापमान केवळ १ अंशाने वाढले तर रोजची कमाई ९ होईल आणि सुमारे १३३ दिवस पुरतील. एका अंशाने १७ दिवसांचा फरक! प्रत्यक्षात मात्र फरक याहून कमी, म्हणजे १ अंशामागे साधारणपणे आठवडाभराचा पडतो. कारण वेल म्हणजे काही काचेची नळी नव्हे. फार उष्णतेत तिची वाढ त्याच प्रमाणात वाढत नाही. शिवाय पाणी, फळांचा भार आणि शेतकऱ्याचा निर्णय यांचाही परिणाम होतोच. पण गणिताची दिशा बरोबर आहे. थोडासा तापमानबदल तारखेत मोठा होऊन दिसतो, म्हणूनच द्राक्षवेल हा चांगला तापमापक आहे.

आता तुम्ही म्हणाल, "पूर्वीही गरम वर्षे येऊन गेली असतील." शंका रास्त आहे. आली होतीच. १५४० साली युरोपात भयंकर उष्ण आणि कोरडा उन्हाळा पडला होता. परंतु अशी वर्षे सुटीसुटी येत. २००३ ते २०१८ या १६ वर्षांपैकी मात्र ८ वर्षे, सगळ्या मालिकेचा विचार करता, असाधारण लवकर तोडणीची निघाली. पूर्वीचा अपवाद आता नित्याचा होऊ लागला आहे.

दुसरा पुरावा अधिक बोलका आहे आणि तो पदार्थविज्ञानाचा आहे. उन्हाळ्यात अंगणात सडा टाकला की गारवा का वाटतो? पाण्याचे बाष्पीभवन होताना १ ग्रॅममागे सुमारे ६०० कॅलरी उष्णता खर्च होते. जमीन ओली असेल तर उन्हाची बरीच उष्णता या कामी जाते आणि हवा फार तापत नाही. जमीन कोरडी असेल तर तीच उष्णता हवा तापवते. म्हणून फ्रान्समध्ये पूर्वी तोडणी फार लवकर यावयाची असेल, तर त्या वर्षी बहुधा अवर्षण असे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, सुमारे १९८० नंतर हा संबंध तुटला आहे. आता अवर्षण नसतानाही तोडणी लवकर येते. म्हणजे अवर्षणाच्या मदतीवाचूनच उन्हाळे पुरेसे तापू लागले आहेत. हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण कारखानदारीच्या युगापूर्वी दहा लाख भागांत सुमारे २८० भाग होते. आज ते ४२० च्या वर गेले आहे. हा वायू जमिनीकडून वर जाणारे अवरक्त प्रारण अडवून धरतो, हे तुम्ही शिकला आहातच.

लवकर पिकले तर बिघडले कुठे?

फळ लवकर पिकले तर चांगलेच, असे वाटेल. पण फळ पिकते म्हणजे एकाच वेळी अनेक गोष्टी घडत असतात. साखर वाढते, आम्ल घटते, सालीत रंग भरतो आणि वास व चव देणारी द्रव्ये तयार होतात. या सर्वांची गती सारखी नसते.

मळ्यात साखर मोजण्यासाठी रसाचा एक थेंब लहानशा प्रिझमवर ठेवतात. रसात साखर जितकी जास्त तितका त्याचा अपवर्तनांक जास्त, आणि दुर्बिणीसारख्या नळीतून पाहिले की छायेची रेघ मोजपट्टीवर वर सरकलेली दिसते. यीस्ट नावाचे सूक्ष्मजीव या साखरेचे अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड करतात. १ लिटर रसात १७ ग्रॅम साखर असेल तर सुमारे १ टक्का अल्कोहोल तयार होते. म्हणजे २०० ग्रॅम साखरेपासून सुमारे १२ टक्के आणि २४० ग्रॅमपासून सुमारे १४ टक्के. उष्ण वर्षी साखर झपाट्याने वाढते आणि वाइन जास्त मादक होते.

द्राक्षात टार्टारिक आणि मॅलिक अशी दोन मुख्य आम्ले असतात. त्यांपैकी मॅलिक आम्ल फळ आपल्या श्वसनात वापरते. हवा जितकी गरम, विशेषतः रात्र जितकी उबदार, तितके हे आम्ल वेगाने संपते. आम्ल कमी झाले की चव सपक होते आणि रस नासण्याचीही भीती वाढते. शिवाय अति उष्णतेत सालीतील रंगद्रव्य नीट तयार होत नाही. आता शेतकऱ्याने काय करावे? आम्ल राखण्यासाठी लवकर तोडावे, तर रंग व चव कच्ची राहते. रंगासाठी थांबावे, तर साखर फार वाढते आणि आम्ल उडून जाते.

उबदार मार्च, गोठलेला एप्रिल

हवा तापते आहे तर निदान थंडीचा धोका तरी टळेल? तसेही नाही. २०२१ च्या मार्चअखेर फ्रान्समध्ये हवा अवेळी उबदार झाली. वेलींना कोवळे कोंब फुटले. त्यानंतर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कडाक्याची थंडी आली आणि ते कोंब जळाल्यासारखे काळे पडले. देशभर मोठे नुकसान झाले. कोंब मिटलेला असताना जी थंडी तो सहज सोसतो, तीच थंडी फुटलेल्या कोंबाला मारते. शास्त्रज्ञांच्या एका अभ्यासात असे दिसले की, वाढ सुरू झाल्यानंतर अशी थंडी गाठण्याची शक्यता तापमानवाढीमुळे सुमारे ६० टक्क्यांनी वाढली आहे.

अशा रात्री आकाश निरभ्र असते, वारा पडलेला असतो आणि जमीन आपली उष्णता प्रारणाने गमावते. थंड हवा जड असल्याने सखल भागात साचते आणि तिच्यावर काही मीटर उंचीवर उबदार थर राहतो. म्हणून काही मळ्यांत उंच पंखे लावून वरची हवा खाली ढकलतात. काही ठिकाणी वेलींच्या रांगांमधून मोठमोठ्या मेणाच्या कुंड्या पेटवतात. शाब्ली या भागात मात्र चक्क पाणी शिंपडतात! थंडीत पाणी? होय. पाणी गोठताना १ ग्रॅममागे सुमारे ८० कॅलरी सुप्त उष्णता बाहेर पडते. जोपर्यंत कोंबावर पाणी गोठत राहते तोपर्यंत बर्फाच्या कवचातला कोंब ० अंशाच्या आसपास राहतो आणि वाचतो. पण शिंपडणे मध्येच थांबवले तर घात होतो. कारण १ ग्रॅम पाण्याचे बाष्पीभवन, सात ग्रॅम पाणी गोठून मिळालेल्या उष्णतेहून अधिक उष्णता कोंबाकडून काढून घेते.

मळा उचलून नेता येईल का?

दर किलोमीटर उंचीला तापमान सरासरीने सुमारे ६.५ अंशांनी उतरते. म्हणजे १ अंशाचा गारवा हवा असेल तर मळा सुमारे १५० मीटर वर चढवावा लागेल. स्पेनमध्ये काहींनी डोंगरांवर नवे मळे लावले आहेतही. दुसरा मार्ग उत्तरेकडे जाण्याचा. दक्षिण इंग्लंडमध्ये आता फसफसणाऱ्या वाइनचे मळे वाढत आहेत आणि फ्रान्समधील एका जुन्या कंपनीनेही २०१५ मध्ये तेथील केंट परगण्यात जमीन घेतली.

पण बर्गंडीचा शेतकरी कोठे जाणार? तेथे वाइनचे नाव कायद्याने जमिनीशी बांधलेले आहे. कोणत्या उतारावर कोणती जात लावावयाची हेही ठरलेले आहे. तांबडी वाइन पिनो न्वार या जातीची, आणि ती जात तर गार हवेची. मळा हलवला की नाव जाते, आणि नाव गेले की पिढ्यांची पत जाते. म्हणून दुसरा उपाय म्हणजे जात बदलणे. बोर्दो प्रांतात २०२१ मध्ये उष्णता सोसणाऱ्या सहा नव्या जातींना, मर्यादित प्रमाणात, परवानगी मिळाली. पण नवी वेल चांगले फळ देऊ लागेपर्यंत काही वर्षे जातात आणि मळा तर कित्येक दशके ठेवायचा असतो. म्हणजे आज वेल लावणाऱ्याला पुढच्या तीस वर्षांच्या हवेचा अंदाज करावा लागतो.

आपल्या नाशिककडे गोष्ट वेगळी आहे. तेथील बहुतेक द्राक्षे खाण्याची. हिवाळा बर्फाचा नसल्याने वेल पुरती झोपत नाही, म्हणून शेतकरी एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी करून तिचे वेळापत्रक स्वतः ठरवतो. म्हणून नाशिकच्या तोडणीच्या तारखांवरून बोनसारखा सरळ निष्कर्ष काढता येणार नाही. पण अवकाळी पावसाने मणी तडकणे आणि निफाडच्या थंडीत बागेत रात्री शेकोट्या पेटवणे हे तेथील शेतकऱ्यालाही ठाऊक आहे. त्या शेकोटीमागचे पदार्थविज्ञान फ्रान्समधल्या मेणाच्या कुंडीमागचेच आहे.

करून पाहा

बोनच्या कारकुनाला आपण हवामानशास्त्राची सेवा करतो आहोत, याची कल्पनाही नव्हती. तो फक्त तारीख नेमकी लिहीत होता. तुम्हीही एक वही घाला. शाळेजवळचा एकच आंबा, बहावा किंवा पळस निवडा. पहिला मोहोर किंवा पहिले फूल कोणत्या दिवशी दिसले ते दरवर्षी लिहा. रोजचे कमाल व किमान तापमान वर्तमानपत्रातून टिपा. त्यांची सरासरी काढा आणि उष्मांश-दिवसांची बेरीज करा. एका वर्षाच्या नोंदीवरून काहीच सिद्ध होणार नाही. दहा वर्षांनी आलेख काढता येईल. शाळा सोडताना ती वही खालच्या वर्गातल्या कोणाच्या तरी हाती द्या, म्हणजे नोंद तुटणार नाही.