खेळाचें दृश्य आणि त्याची मालकी

गाजलेल्या सामन्यांतील निवडक क्षणांचीं दृश्यें कोठून तरी उतरून घ्यावयाचीं आणि तीं आपल्या नांवानें इंटरनेटवर चढवावयाचीं, हें आज घरोघरीं दिसणारें काम झालें आहे. त्यांत कांहीं वावगें आहे असें बहुतेकांस वाटतही नाहीं. म्हणून खेळांतील कोणती वस्तु सर्वांची आणि कोणती एकाची, याचा येथें थोडा विचार करूं.

आपल्या विरारच्या पृथ्वी शॉ याचेंच उदाहरण घ्या. नोव्हेंबर 2013 मध्यें हॅरिस शील्डच्या शालेय सामन्यांत, मुंबईच्या आझाद मैदानावर, त्यानें 330 चेंडूंत 546 धावा काढल्या. पुढें ऑक्टोबर 2018 मध्यें राजकोट येथें वेस्ट इंडीजविरुद्ध पहिल्याच कसोटींत त्यानें 134 धावा केल्या. ही घडलेली हकीकत आहे, आणि हकीकत कोणाच्याही मालकीची नसते. ती निबंधांत लिहावी, व्याख्यानांत सांगावी. कोणाची परवानगी नको.

परंतु राजकोटचें जें दृश्य दूरचित्रवाणीवर उमटलें, त्याची गोष्ट निराळी. त्याकरितां कॅमेरे उभारावे लागले, कसबी माणसें नेमावीं लागलीं, प्रक्षेपणाचे हक्क मोल देऊन घ्यावे लागले. हें मोल केवढें असतें? इंडियन प्रीमियर लीगच्या 2023 ते 2027 या पांच वर्षांचे प्रक्षेपणहक्क जून 2022 मध्यें सुमारें 48,390 कोटी रुपयांस विकले गेले; आणि त्यांतही भारतापुरते दूरचित्रवाणीचे हक्क वेगळे व इंटरनेटचे वेगळे विकले गेले. वसईच्या वाडींतील मोगऱ्याचा सुगंध रस्त्यानें जाणाऱ्या प्रत्येकाचा आहे. फुलें मात्र वाडीवाल्यास विचारूनच तोडावयाचीं.

आपल्या देशाचा 1957 चा कॉपीराइट कायदा हेंच सांगतो. चित्रफितीवर तिच्या निर्मात्याचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षें राहतो. प्रक्षेपण करणाऱ्या संस्थेचा आपल्या प्रक्षेपणावरील हक्क 25 वर्षें टिकतो. दृश्य वापरावयाचें असल्यास हक्कदाराचा लेखी परवाना घ्यावा. तो देणाऱ्यास तसा अधिकार आहे कीं नाहीं, हें आधीं पाहावें. खेळाडूनें नुसतें ‘हो’ म्हटल्यानें भागत नाहीं. कोणतें दृश्य, कोणत्या माध्यमांत, किती काळ आणि कोणत्या प्रदेशांत वापरावयाचें, हें परवान्यांत स्पष्ट असावें. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती 5 वर्षें धरतो. प्रदेश लिहिला नसेल तर परवाना भारतापुरताच समजतो. इंटरनेटवरील दृश्य तर आखातांतील आप्तही पाहतात! तेव्हां हा एक शब्द गाळणें महागांत पडूं शकतें.

याविषयीं तीन समज सर्वत्र आढळतात. ‘दहाच सेकंद घेतले’, ‘मूळ मालकाचें नांव दिलें’, ‘पैसे मिळविले नाहींत’. कायद्यानें सेकंदांची कोणतीही सूट ठरविलेली नाहीं. नांव देणें हा शिष्टाचार आहे, परवाना नव्हे. आणि फुकट वाटलेलीं फुलेंही वाडीवाल्याचींच असतात. चालू घडामोडींची बातमी, प्रामाणिक समीक्षण, अध्यापन व संशोधन यांकरितां रास्त प्रमाणांत उतारा घेण्याची मुभा कायद्यानें ठेविली आहे; परंतु केवळ करमणुकीकरितां दृश्यें जोडून दाखविणें हें त्यांत सहसा बसत नाहीं. पालकांनीं हेंही ध्यानांत ठेवावें कीं, जाणूनबुजून केलेल्या हक्कभंगास कारावासाचीही शिक्षा आहे.

मग विद्यार्थ्यांनीं करावें तरी काय? स्वतः चित्रण करावें. शाळेच्या फुटबॉल सामन्याचें चित्रण आयोजकांच्या संमतीनें तुम्हीं स्वतःहून केलें, तर त्याचे निर्माते तुम्हीच. मात्र तें इंटरनेटवर देण्यापूर्वीं खेळणाऱ्या मुलांस व त्यांच्या पालकांसही विचारावें. कारण त्यांत दिसणारे चेहरे त्यांचे आहेत.

कोट्यवधींच्या हक्कांची गोष्ट दूरची वाटेल; परंतु शेजारच्या बाकावरील मित्रानें उन्हांत तासभर उभें राहून जें टिपलें, तें त्यास न विचारतां आपलें म्हणून मिरविणें हीही त्याच जातीची चूक आहे. त्यास विचारण्याची संवय ज्यास बालपणीं लागली, त्यास पुढें कायद्याचें भय बाळगण्याचें कारण पडणार नाहीं.